मेस्तांची मूठ

आमच्या वाड्यावर चवथीच्या घरोघरच्या आरतीला मेस्त उजवी मूठ मिटतात आणि मातीची घुमटं, झांजा, माणसं, सगळं एकदम गप्प होतं. मागाहून एखादी झांज वाजलीच, तर मेस्त तिच्या मालकाकडे असे बघतात, की पुढच्या घरी तो आपणहून नारळ फोडायला बसतो.

नाव वासुदेव परब. मेस्त म्हणजे चर्चमधले गाणं शिकवणारे मास्तर. लहानपणी पेडण्यात यांचं घर चर्चला लागून. खिडकीला लोंबकळून गाणाऱ्यांच्या चुका काढणारं हे पोर तिथल्या मेस्तांनी शेवटी आत घेतलं. चार आवाज वेगळे ऐकायचे आणि एकत्र बांधायचे, ही विद्या तिथली. आईची हरकत नव्हती. तुळशीला पाणी घालून जा, एवढंच म्हणायची.

पुढे पाळी गावच्या खाणीवर नोकरी लागली. तिथं त्यांनी डंपरच्या ड्रायव्हरांचा गायनवृंद उभा केला. शेजारच्याशीही ओरडून बोलणाऱ्या त्या माणसांकडून मेस्तांनी अंगाई गाऊन घेतली. मग शाळा, महिला मंडळं, लग्नातल्या मंगलाष्टका. चार माणसांनी एकदम तोंड उघडलं, की मेस्तांचा हात वर. म्हापशाच्या बसमध्ये सीटवरून भांडण पेटलं, तरी त्यांचा तळवा आपोआप खाली झुकतो. "मातशे सवकास." म्हणजे जरा हळू. आणि माणसं खरंच हळू भांडतात.

आरत्यांचा क्रम लावणं माझ्याकडे. कुणाचं घर कधी, घुमटं कोण नेणार, सगळं मी नेमून देतो. मेस्तांचं घर चढावर, सगळ्यात शेवटी. लग्न केलं नाही, एकटेच राहतात. तिथं पोचेपर्यंत आमचे घसे बसतात. वाटेत प्रत्येक घरी ते बजावत असतात, "आवाज राखात, फुडें घर आसा." आम्हाला वाटायचं, हेही शास्त्रातलंच.

गेल्या चवथीला त्यांच्या गणपतीपुढे आमची नुसती घरघर झाली. म्हणून यंदा मी त्यांचं घर पहिलं लावलं आणि सांगायला गेलो. मेस्त नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सारण ढवळत होते. ढवळायचे थांबले.

"नाका रे. पयल्या घरांत सगळे एक पाय भायर दवरून गातात. शेवटाक येयात. मागीर खंय वचपाचें नासता. लोक बसतात."

शेवटच्या घरानंतर कुणाला कुठं जायचं नसतं, म्हणून माणसं बसतात. मी क्रम पूर्ववत केला. पण यंदा प्रत्येक घरी "मातशे सवकास" मीच म्हणत फिरलो. शेजारचा गावस म्हणाला, हो एक नवो मेस्त जालो.

दिवेलागणीला चढ चढलो, तेव्हा आवाज शाबूत होते. ओट्यावर उसळीचं पातेलं, पावांची टोपली, नेवऱ्या, सगळ्या वाड्याला पुरून उरेल इतकं. आरती शेवटच्या ओळीवर आली. सगळ्यांची नजर त्या मुठीवर.

मेस्तांचा हात हवेत उघडाच राहिला. आम्ही तीच ओळ परत घेतली. मग आणखी एकदा.