चव्वेचाळिसाव्या भागातली घोडी

शेलारकाकांना आजवर एकाही शेरिफचा चेहरा आठवलेला नाही. घोडे मात्र सगळे आठवतात. एक जुनी काउबॉय मालिका टीव्हीवर रोज दुपारी पुन्हा दाखवायचे, ती ते वहीपेन घेऊन बघायला बसायचे. पडद्यावर बँक लुटली जातेय, धडाधड माणसं पडतायत, आणि हा गृहस्थ शांतपणे वहीत लिहितोय : 'उजवीकडचा तपकिरी. मागची नाल सैल. सकाळपासून पाणी दाखवलेले नाही.'

मी नोकरीसाठी मँचेस्टरला आलो तेव्हा तीन वर्षं त्यांच्याकडे वरच्या खोलीत राहत होतो. ब्रॉडबँड घरोघरी नुकतं येत होतं आणि त्या घरात ते चालवता येणारा मी एकटाच. त्यामुळे दर शनिवारी सकाळी जिन्याखालून हाक यायची, "अरे ए इंजिनियर, खाली ये. मत द्यायचंय."

मत म्हणजे निवडणुकीचं नव्हे. कुणा हौशी माणसाने त्या मालिकेची वेबसाइट काढली होती. प्रत्येक भागाखाली प्रेक्षकांनी आपला अभिप्राय लिहायचा आणि दहापैकी मार्क द्यायचे. जगभरची रिटायर्ड मंडळी तिथे जमायची. शेरिफचा अभिनय, त्यातली गाणारी बाई, शेवटचा गोळीबार, यावर पानंच्या पानं लिहायची. त्यात मध्येच आमचे काका : 'कथा बघितली नाही. सहापैकी चार घोडे सुदृढ. गाडीवानाला लगाम धरता येत नाही. मार्क तीन.'

लिहून आणायचे ते स्वतःच्या हाताने, टाइप करायचो मी. अक्षर डॉक्टरी. आणि डॉक्टरी असणारच, कारण काका मूळचे साताऱ्याकडचे गुरांचे डॉक्टर. सत्तरच्या दशकात इकडे आले. इथली परीक्षा दिल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नव्हती, आणि ती त्यांनी दिली नाही. का नाही दिलीत, म्हणून विचारलं की "राहून गेलं" एवढंच म्हणायचे. मग सव्वीस वर्षं एका कत्तलखान्यात मांस तपासून शिक्के मारले आणि रिटायर झाले. काकू मात्र चारचौघांत त्यांना 'डॉक्टर'च म्हणायच्या. "डॉक्टर, कचऱ्याचा बिन बाहेर ठेवा, उद्या कौन्सिलची गाडी यायचीय." शेजारचा गोरा म्हातारासुद्धा त्यामुळे अधूनमधून आपलं दुखरं कोपर घेऊन यायचा. काका त्याला दारातूनच सांगायचे, "आय ओन्ली डू फोर लेग्ज."

वेबसाइटवरच्या लोकांना आधी वाटलं, हा कुणीतरी चेष्टा करतोय. मग हळूहळू काकांची गंमत वाटायला लागली. 'डॉक, या भागातला पांढरा कसा वाटला?' असं कोणीतरी विचारायचं. असं काही आलं की काकांची स्वारी दिवसभर खुशीत. काकू म्हणायच्या, "माझी पाठ धरलीय आठवडाभर, तिकडे बघायला वेळ नाही. पण अमेरिकेतल्या घोड्याचं सर्दीपडसं पाठ आहे यांना!"

सगळं कसं छान चाललं होतं. मग आला चव्वेचाळिसावा भाग.

त्या मालिकेचा म्हणे हा सर्वांत गाजलेला भाग. शेरिफची लाडकी घोडी पाठलागात ठेचकाळते. पुढचा डावा पाय टेकवत नाही. शेरिफ तिच्या मानेवरून हात फिरवतो, टोपी काढतो आणि तिला गोळी घालतो. बस्स. खाली शंभरेक लोकांनी मतं दिली होती. कोणी ढसाढसा रडलं होतं, कोणाच्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा डोळे पुसले होते. सगळीकडे दहापैकी दहा.

काकांनी एक दिला. आणि लिहिलं : 'पाय मोडलेला नाही. खूर कोणी उचलून पाहिला?'

झालं! मोहोळच उठलं. ग्लासगोच्या एकाने लिहिलं, ही गोष्ट आहे रे बाबा, गोष्ट. दुसऱ्याने विचारलं, तुझ्या छातीत काळीज आहे की नाही? मीही टाइप करता करता म्हटलं, "काका, ती घोडी काम करतेय. ऍक्टिंग आहे ते."

"माणसं ऍक्टिंग करतात. जनावर नाही करत."

"म्हणजे तिचा पाय मुळात ठणठणीत होता."

"मग मी दुसरं काय म्हणतोय?" काका गरजले.

कप्पाळ माझं!

पण प्रकरण तिथे थांबेना. दर शनिवारी काका चव्वेचाळिसाव्या भागावर नवीन मत घेऊन यायचे. घोडी खुराचं टोक टेकवतेय ते कोणत्या क्षणी दिसतं, हाड मोडलं असतं तर ती कशी उभी राहिली असती, सगळं तपशिलात. आधी लोक भांडले, मग हसले, मग त्यांनी उत्तर द्यायचंच सोडलं. ते काकांना सर्वांत लागलं. शनिवारी माझ्या मागे उभे राहून विचारायचे, "कोणी मानलं का?" मी नाही म्हटलं की मान हलवायचे. जेवणातलं लक्ष गेलं. बाकीचे भाग बघणंही सोडलं त्यांनी. "एकाने तरी म्हणावं रे," ते एकदा म्हणाले, "की ती वाचली असती." काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाल्या, "तूच काहीतरी कर बाबा. तुमच्यातलंच आहे ना ते कॉम्प्युटरचं?"

मग मी अतिशहाणपणा केला. ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये वेबसाइटवर एक नवीन प्रेक्षक जन्माला घातला. मार्गारेट, यॉर्कशायर, वय एकाहत्तर, घरचा तबेला. मार्गारेटने लिहिलं की डॉक्टरांचं शंभर टक्के बरोबर आहे, आमच्या घोडीचाही पाय असाच मोडला होता, आम्ही प्लास्टर घातलं आणि पंधरा दिवसांत ती पळायला लागली. पाठवून दिलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत सँडविच खाल्लं.

शनिवारी काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं. पुन्हा वाचलं. "अगं, ऐकलंस का?" त्यांनी काकूंना हाक मारली, "एका बाईने मानलं! तबेला आहे तिचा!" चेहरा असा फुलला की मला भरून आलं. काकू हात पुसत आल्या. काका त्यांच्यासाठी मोठ्याने वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

"पंधरा दिवसांत?" ते म्हणाले. "हाड आहे का पापड? आणि पाय मोडलाच नाही म्हणतोय मी!"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"आणि हे शेवटी काय लिहिलंय? काइंडली डू द नीडफुल अँड वॉच द एपिसोड अगेन." काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "यॉर्कशायरची म्हातारी हे लिहील? तीस वर्षांत एका गोऱ्याच्या तोंडून हे ऐकलं नाही मी. हे तू लिहितोस, तुझ्या ऑफिसच्या ईमेलात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता हे ओरडतील, बॅग भरायला सांगतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि हातातल्या वहीकडे बघत राहिले.

"काका, सॉरी. तुम्हाला बरं वाटावं म्हणून—"

"कळलं रे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चोविसाव्या वर्षी पहिली नेमणूक झाली माझी. बाजाराचा दिवस होता. दिनकर म्हणून टांगेवाला होता, त्याची घोडी तीन पायांवर उभी. पुढचा डावा टेकवेना. भोवती ही गर्दी. मी नवा डॉक्टर, इस्त्रीच्या कपड्यांतला. हात लावला तशी ती थरथरली. मी म्हटलं, हाड मोडलंय, हिला सोडवू या. दिनकर म्हणाला, साहेब, सकाळपर्यंत बघू या का? मी म्हटलं, डॉक्टर तू का मी?"

काकू दारातच उभ्या होत्या.

"इंजेक्शन दिलं. घोडी गेली. मग नालबंद आला. नाला काढून घेतात, पुन्हा उपयोगी पडतात म्हणून. त्याने खूर उचलला, नाल उपटली, तर खिळ्याच्या भोकातून पू आला. गळू होतं रे खुरात. चाकूची एवढीशी चीर द्यायची, निचरा झाला असता. आठवड्याभरात टांग्याला जुंपली असती. नालबंदाने माझ्याकडे पाहिलं आणि खूर खाली ठेवला. कुणाला काही बोलला नाही. आणि दिनकर जाताना मला हात जोडून म्हणाला, साहेब, तिचे हाल वाचवलेत."

काका म्हणाले, "इथल्या परीक्षेचा फॉर्म दोनदा आणला होता. दोन्ही वेळा वाटलं, पुन्हा कोणीतरी जनावर घेऊन येणार आणि विचारणार, काय करायचं डॉक्टर?"

"अहो," काकूंचा आवाज चिरकला, "सदतीस वर्षं संसार केला आपण. मला का नाही सांगितलंत?"

"तू मला डॉक्टर म्हणतेस ना," काका म्हणाले.

काकू त्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसल्या. पाठ दुखत असताना. मी उठायला लागलो तर काकांनी हाताने मला खाली बसवलं.

"आधी त्या बाईला काढून टाक. मग लिही. शेवटचं." त्यांनी घसा साफ केला. "निदान चुकलं. खूर उचलून बघायला हवा होता. पण घोडीवर त्याचा जीव होता, हे दिसतं."

मी टाइप केलं. "मार्क?"

काका विचार करत राहिले. "एकाचे दोन कर," म्हणाले. मग, "तीन कर."

"पाच दे रे," काकू पदराने डोळे टिपत मला म्हणाल्या. "चोवीस वर्षांचं पोर ते. त्याला काय कळत होतं?"

शेरिफ चांगला पन्नाशीचा होता, मिशा पिकलेला. काकांनी वही मिटली. मी पाच टाकले आणि बटण दाबलं.