छपरावरची म्हातारी

घरामागच्या जागेत शेळ्या सोडायच्या, हे हेडक्लार्कनी ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत ठरवलं, आणि स्वतःच्या बुद्धीचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की डबा अर्धा तसाच राहिला.

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. ऑपरेशन झकास झालं होतं, डॉक्टर खूश होते, फक्त गुडघा चालायचं नाव घेत नव्हता. रोज वीस मिनिटं चाला, नाहीतर सांधा धरून बसेल, असं फिजिओथेरपिस्ट बाईंनी निक्षून सांगितलं होतं. पण चालायचं कुठे? पुढच्या रस्त्यावर मोटारसायकली अशा सुसाट यायच्या की धडधाकट माणसानंही भिंतीला चिकटून जावं. मागे ऐसपैस जागा होती, पण तिची जमीन गेल्या सहा-सात वर्षांत कोणी पाहिली नव्हती. छातीएवढं गवत, काटेरी झुडपं आणि सगळ्यावर पसरलेल्या रानवेली.

"त्यात मी पाय ठेवायची नाही," बायको म्हणायची. "पडले तर तुम्हाला सापडायचीसुद्धा नाही."

ती हे हसत म्हणायची. पण पलंगापासून ओट्यापर्यंत जाताना तिचा हात भिंत सोडत नसे, हे त्यांना दिसत होतं.

गवत कापायच्या मशीनवाला जागा पाहून गेला आणि त्यानंतर त्याचा फोनच लागेना. मग एका रविवारी हेडक्लार्क स्वतः विळा घेऊन उतरले. वीस मिनिटं काम केलं (त्यातली दहा पडलेला चष्मा शोधण्यात गेली) आणि उरलेला रविवार पाठ शेकत काढला. त्यानंतरच त्यांना शेळ्या सुचल्या.

शेळीवाली चार शेळ्या घेऊन आली. एक मोठी करडी, एक तपकिरी आणि दोन जुळी पिल्लं.

"ही म्हातारी," तिनं करडीच्या पाठीवर थाप मारली. "हिला सांभाळा. बाकीच्या हिच्या मागनं जातात. गुणाची आहे, फक्त उंचावर चढायची खोड आहे."

"इथे उंच काही नाही," हेडक्लार्क म्हणाले. कोपऱ्यातली पत्र्याची खोली वेलींखाली इतकी गडप झाली होती की ती आपलीच आहे, हे ते पार विसरले होते.

शेळ्यांनी मात्र कामाला तोंड लावलं ते लावलंच. तीन दिवसांत मागच्या दारापासून निम्म्या जागेपर्यंत जमीन दिसायला लागली. बायको दारात खुर्ची टाकून बसू लागली. शेळ्यांशी बोलू लागली. हेडक्लार्क संध्याकाळी घरी आले की त्यांना चहाच्या आधी शेळ्यांची हकीकत मिळायची. (चहा कधीकधी मिळायचाच नाही.)

चौथ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला.

"अहो, म्हातारी छपरावर चढलीय."

"कुठल्या छपरावर?"

"मागच्या खोलीच्या. वेल खाऊन खाली खोकी निघाली, त्यावरनं गेली. पत्रा गंजलाय. पाय आत गेला तर मोडेल हो बिचारीचा."

हेडक्लार्क तसेच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. "साहेब, अर्धा दिवस रजा हवी. म्हातारी छपरावर चढलीय."

साहेबांचं पेन थांबलं. "म्हातारी?"

"हो. खोडच आहे तिची. आज मी दोर बांधायचा विसरलो."

साहेब मोठ्या काळजाचा माणूस. त्यांच्या स्वतःच्या आईला अलीकडे दिवस-रात्र कळत नसे. त्यांनी हेडक्लार्ककडे असं पाहिलं की हेडक्लार्कना वाटलं, शेळ्यांबद्दल एवढी माया असलेला अधिकारी विरळाच. "तुम्ही निघा," साहेब हळूच म्हणाले. "मी बघतो काय करता येईल ते." आणि हेडक्लार्क जिना उतरेपर्यंत त्यांनी अग्निशमन दलाला फोन लावलाही.

घरी म्हातारी पत्र्यावर उभी राहून उरलेली वेल चघळत होती. हेडक्लार्कनी शिडी लावली, दोर घेतला आणि वर चढले. चढून गेल्यावर तिच्या गळ्यात दोर अडकवला आणि तिनं पळू नये म्हणून दुसरं टोक शिडीच्या वरच्या पायरीला पक्कं बांधलं. गाठ उत्तम बसली.

म्हातारीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आल्या वाटेनं खाली उडी मारली. खोकी गडगडली. दोर ताणला गेला. शिडी आडवी झाली आणि म्हातारीमागून फरफटत निघाली. हेडक्लार्क पत्र्यावर एकटे राहिले.

"हलू नका," बायको दारातून ओरडली. "मी धरते तिला."

आणि ती निघाली. काठी दाराशीच राहिली. दोन्ही हातांनी साडी सावरत ती मोकळ्या झालेल्या जमिनीवरून शेळीमागे निघाली. दहा पावलं, वीस पावलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. हेडक्लार्क वरून पाहत होते. हाक मारावी की नाही, त्यांना कळेना. आपण चालतोय हे तिच्या लक्षात आलं तर ती थांबेल, अशी त्यांना भीती वाटली. चष्म्याच्या काचा उगाचच धूसर झाल्या.

तिनं दोर पकडला, शेळीच्या गळ्यातून काढला, आणि तेवढ्यात पुढच्या दाराशी लाल गाडी थांबली. हेल्मेट घातलेला जवान धावतच मागे आला.

"म्हातारी कुठाय?"

"ती काय, झुडूप खातीय," बायको म्हणाली.

जवानानं झुडपाकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं, मग छपराकडे.

"आणि वर कोण?"

"ते आमचे हे."

त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "म्हातारी सुखरूप आहे. वर एक म्हातारा अडकलाय, त्याला काढतो."

"चोपन्न," हेडक्लार्क वरून म्हणाले. "चोपन्न वर्षं." पण ते कोणी ऐकलं नाही.

जवानांनी त्यांना अगदी अलगद खाली आणलं. शेवटच्या पायरीवर हेडक्लार्क म्हणाले, "आता सोडा, उतरतो मी," आणि त्यांनी सोडलं.

दहा दिवसांत जागा आरशासारखी स्वच्छ झाली. शेळीवाली शेळ्या घेऊन गेली, तेव्हा बायको कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेली. फिजिओथेरपिस्ट बाई अजूनही रोज पाच वाजता येतात. पलंगावर हेडक्लार्कचा सुजलेला गुडघा उशीवर ठेवलेला असतो. बाई तो वाकवून बघतात, मान हलवतात आणि खिडकीकडे बोट दाखवतात.

"काकूंकडे बघा जरा. तिसरी फेरी चाललीय. आणि तुम्ही अजून भिंत धरताय."