सुमंतरावांच्या पत्र्याच्या नख्या

"शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं नाही, तर ही गिटार मोडून बंबात घालीन!" हळदीच्या आदल्या दिवशी सुमंतरावांनी जाहीर करून टाकलं. साताऱ्यातल्या त्यांच्या घरात असल्या प्रतिज्ञा नवीन नव्हत्या. चारुशीलाबाई मान वर न करता म्हणाल्या, "आधी ती नखं काढा. लग्नात लोक काय म्हणतील?"

त्या नखांचं सांगायलाच हवं. सुमंतराव गिटार वाजवत ते बोटांनी, एकेक तार छेडून. त्यासाठी उजव्या हाताची नखं त्यांनी दिवाळीपासून राखली होती. त्या नखांपायी पिशवी उचलली नाही, नारळ सोलला नाही, भांड्याला तर हातच लावला नाही! एवढी सेवा कशासाठी? तर मयूरीसाठी. लहानपणी ती झोपायची नाही, तेव्हा बापानं तिच्यासाठी एक धून रचली होती. लग्न ठरल्यावर पोरगी एवढंच म्हणाली, "बाबा, जायच्या आधी एकदा ती वाजवा. बाकी मला काही नको."

आणि नेमकं हळदीच्या आदल्याच दिवशी पार्सल आलं. बोटांत घालून तार छेडायच्या नख्या! चकचकीत पत्र्याच्या, अंगठीला जीभ फुटावी तशा. सुमंतरावांनी त्या चढवल्या आणि तार ओढली. स्वयंपाकघरातून चारुशीलाबाई धावत आल्या. "काय पडलं?"

"पडलं नाही, वाजलं!"

मग आता नखं हवीत कशाला? त्यांनी नेलकटर घेतलं आणि दिवाळीपासूनची मेहनत कटाकट कापून टाकली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं सासराच उतावळा! दोन दिवस सराव करून मग कापली असती तर काय बिघडलं असतं? पण हे आपण म्हणायचं. त्यांना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी कार्यालयात हळद लागली. नवरा वीरधवल सांगलीकडचा, ऊसवाल्या घरातला. त्याची आजी बनुबाई उष्टी हळद घेऊन आली, नातसुनेला लावली आणि तिनं मोर्चा वळवला सुमंतरावांकडे. व्याह्यांना हळद फासली नाही, तर ते लग्न कसलं?

"आजी, हात नको! मला वाजवायचंय!"

"आवं पावणं, लेकीचा बाप कोरडा ऱ्हातूय व्हय? आणा हिकडं!"

कोपरापर्यंत तेल आणि हळद! नको म्हणावं तर मानापमान. सुमंतरावांनी हात कुर्त्याला पुसले, नख्या दाबून बसवल्या आणि मयूरीच्या पाटासमोर बसले. हळदीनं माखलेली पोर टक लावून बघत होती. त्यांनी पहिला सूर छेडला, दुसरा छेडला. तिसऱ्याला तर्जनीवरची नखी तेलावरून सटकली आणि टणकन मयूरीच्या पायाशी पडली! पाठोपाठ दुसरी.

बनुबाईनं दोन्ही उचलल्या, उलटसुलट करून पाहिल्या. "आगं बया! ही जोडवी हाईत का काय? पत्र्याची?"

झालं! जोडवी आणायची होती मयूरीच्या मामांनी, अनंतरावांनी. भाचीसाठी त्यांनी हौसेनं ठसठशीत चांदीची घडवून घेतली होती. ते ताडकन उठले. "पत्र्याची? मी?"

"अहो, ते माझं आहे!" सुमंतराव ओरडले.

बनुबाईनं व्याह्यांना पायांपासून वर निरखलं. "तुमचं? आवं, बापय मानूस कवापास्नं जोडवी घालाय लागला?"

असा हशा पिकला की आचारीसुद्धा झारा घेऊन बाहेर आला. अनंतराव मात्र हसले नाहीत. चारचौघांत अब्रू गेली म्हणून ते जे गाडीत जाऊन बसले, ते उतरेनात! मामाशिवाय उद्या मुलीला बोहल्यावर आणणार कोण? सुमंतराव काचेबाहेर उभे राहून हातापाया पडले, नख्या बोटांत घालून दाखवल्या, पायात जात नाहीत हेही दाखवलं. मामा कसेबसे उतरले, तोवर मयूरीला न्हाणाला नेलं होतं आणि पाहुणे स्पीकर लावून नाचत होते.

लग्नाच्या दिवशी मुलीच्या बापाला चहाला सवड नसते, गिटार कुठून काढणार?

पाठवणीला मात्र त्यांनी लाज सोडली. गिटार गळ्यात अडकवून गाडीच्या खिडकीशी गेले. नख्यांवरचा विश्वास उडाला होता आणि नखं तर हातानंच कापलेली. उरले मऊ शेंडे. बँडवाले शेवटचं म्हणून जीव तोडून वाजवत होते, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, बायका हुंदके देत होत्या. सुमंतरावांनी डोळे मिटले आणि धून वाजवायला घेतली. एकही सूर चुकला नाही. इतकी चांगली ती त्यांना कधीच जमली नव्हती. त्यांचे गाल भिजले.

मयूरीनं काच खाली केली आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.

"बाबा, रडताय काय? सुरू करा ना, गाडी निघतेय!"

धून नुकतीच वाजवून संपली होती.