लाल रंग संपला

"चित्रं काढून माणसं बरी होतात म्हणे. मग माझ्या गुडघ्याला कोणता रंग लावू ते सांग," सासूबाई म्हणाल्या.

सून रंगांच्या बाटल्या पिशवीत भरत होती, बाहेर काढत होती आणि पुन्हा भरत होती. सकाळपासून हेच चाललं होतं. "आई, हे गुडघ्याचं नाही हो, मनाचं असतं."

"मनाचंच सांगतेय. गुडघा ठणकायला लागला की मन कुठे थाऱ्यावर राहतं?"

तिने पिशवी खांद्याला लावली आणि चपला चढवल्या. नवरा पेपरातून डोकं काढून म्हणाला, "तू घाबरू नकोस."

"मी अजिबात घाबरलेली नाही."

"मग डाव्या पायात माझी चप्पल का?"

ती घाबरलेली होती आणि घाबरण्याला कारणही होतं. शाळेतली चित्रकलेची बरी चाललेली नोकरी सोडून तिने चित्रोपचाराचं शिक्षण घेतलं होतं. मनात साचलेलं कागदावर उतरलं की माणूस हलका होतो, यावर तिचा ठाम विश्वास होता. अडचण एवढीच की हलकं व्हायला कोणी येत नव्हतं. एका दवाखान्याने मोठ्या आदराने बोलावलं, ते मुलांच्या खोलीत भिंतीवर हत्ती काढायला. एका ओळखीच्या बाईंनी वाढदिवसाला पोरांची तोंडं रंगवून द्याल का, असं विचारलं. तोंडं रंगवायला ती शिकली नव्हती, पण त्या दिवशी तीही रंगवली. आज मात्र गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीने बोलावलं होतं. दुनियेला झोपवणाऱ्या त्या कंपनीत कर्मचाऱ्यांचीच झोप उडाली होती. आजचं सत्र जमलं तर कायमची नोकरी, नाही जमलं तर मान खाली घालून शाळेत परत. तिथेही जागा शिल्लक असेल तर.

कंपनीत पोचल्यावर एचआरच्या मॅडमनी तिला मीटिंगच्या हॉलमध्ये नेलं. "हे बघा, दुपारी मोठ्या हॉटेलवाल्या बाई येणार आहेत, ऑर्डरचं नक्की करायला. तोपर्यंत आमची माणसं प्रसन्न दिसायला हवीत."

"एका सत्रात?"

"साहेबांना निकाल लगेच लागतो."

माणसं येऊन बसली. अकाउंट्सचे काका, रिसेप्शनवरची मुलगी, विक्री विभागातले दोघेतिघे आणि आणखी काही. कोणी पाय हलवत होतं, कोणी पेनचं टोपण चावत होतं. कोणाची नजर दारावरून हटत नव्हती. चहा देणाऱ्या मावशी कप मांडता मांडता कान देऊन ऐकत होत्या.

"मॅडम, मला चित्र येत नाही," काकांनी आधीच सांगून टाकलं. "मला फक्त चौकटी येतात."

"चौकटी काढा ना. इथे चांगलं-वाईट असं काही नसतं. छातीवर जे बसलंय ते कागदावर काढायचं, बस्स."

"आणि कोणी बघितलं तर?"

"कोणी बघणार नाही. चित्र तुमचं. मी ते जिवापाड जपणार, पण दाखवणार कोणालाच नाही. हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे."

एवढं म्हटल्यावर बांध फुटला. ज्यांना चित्र येत नव्हतं ते बाह्या सरसावून कागदावर तुटून पडले. ती टेबलाभोवती फिरत होती आणि तिला हर्षवायू व्हायचा बाकी होता. एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली. लाल रंग भराभर संपत होता. विक्रीवाल्याने एक गलेलठ्ठ घुबड काढलं होतं, रिसेप्शनवरच्या मुलीने दात असलेला टेलिफोन. काकांनी चौकटींची एक जाडजूड गादी काढली होती. गादीखाली काडीसारखा चिरडलेला माणूस होता आणि वर एक टकलू गृहस्थ घोरत पडले होते. घुबड असो, टेलिफोन असो की गृहस्थ, प्रत्येकाच्या गळ्यात लाल दोरीला लटकवलेला चष्मा होता.

सामूहिक प्रतीक! पुस्तकात यावर अख्खं प्रकरण होतं. तिने मुलीला विचारलं, "ही लाल दोरी तुला काय सांगते?"

"दोरी काही सांगत नाही, मॅडम. ज्याच्या गळ्यात असते तो सांगतो. दिवसभर."

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि एक टकलू गृहस्थ आत डोकावले. त्यांच्या छातीवर लाल दोरीला चष्मा लोंबत होता. "चालू द्या, चालू द्या," साहेब म्हणाले आणि गेले. दार लागेपर्यंत सगळेजण आपापल्या ओल्या कागदावर पालथे पडले होते. काकांच्या शर्टाच्या खिशावर अर्धी गादी उमटली. पुस्तकातलं प्रकरण तिने मनातल्या मनात मिटून टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत चित्रं जमिनीवर वाळत ठेवून तिने हॉलला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून जेवायला गेली. सत्र तर सोन्यासारखं झालं होतं, पण त्या सोन्याला साहेबांची दृष्ट लागायला नको होती. हॉलची दुसरी किल्ली मावशींकडे असते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

इकडे एचआरच्या मॅडमनी मावशींना सांगितलं, "पाहुण्या येतायत, हॉल रिकामा करा." मावशींनी दार उघडलं तर जमिनीभर ओली चित्रं. टाकून द्यायची सोय नव्हती, चित्रं जिवापाड जपायची असतात हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ओला कागद गठ्ठा करून ठेवला तर चिकटणार. मावशींनी घरी ओल्या कपड्यांचं जे केलं असतं तेच केलं. रिसेप्शनपासून साहेबांच्या केबिनपर्यंत दोरी बांधली आणि सगळी चित्रं चिमटे लावून वाऱ्यावर टाकली.

ती जेवून आली तेव्हा घुबड पंख्याखाली झुलत होतं. ती चिमट्यांकडे धावली. "मावशी, हे काय केलंत?"

"वाळतायत छान. काळजी करू नका, ताई."

जिन्यावर पावलं वाजली. काढायला वेळ नव्हता. बातमी वणव्यासारखी पसरली आणि सगळे धावत येऊन आपापल्या चित्राकडे पाठ करून उभे राहिले.

"आपल्या चित्रासमोर नका राहू," ती कुजबुजली. "कोणाचं कुठलं ते कळेल."

मग जी पळापळ झाली, तिच्यातच साहेब हॉटेलवाल्या बाईंना घेऊन वर आले. "काय चाललंय? ग्रुप फोटो आहे का?"

"मागे काहीतरी चित्रं दिसतायत," बाई म्हणाल्या. "बघू तरी."

नाही म्हणण्याची सोय नव्हती. माणसं एकेक करून बाजूला झाली. बाई घुबडाकडे बघून हसल्या, टेलिफोनकडे बघून जास्तच हसल्या आणि काकांच्या गादीपाशी थांबल्या. साहेबही थांबले. साहेबांनी कपाळाचा घाम पुसायला बाईंकडे पाठ केली आणि खिशातून रुमाल काढायला बराच वेळ लावला.

"हे झोपलेत ते कोण?" बाईंनी विचारलं.

"हे... आमचे ग्राहक," साहेब वळून म्हणाले. "बघा, किती गाढ झोपलेत."

"आणि खाली चिरडलेला?"

साहेबांनी काकांच्या खिशावरच्या अर्ध्या गादीकडे पाहिलं. "तो गादी तयार करणारा."

बाईंना ते फार आवडलं आणि ऑर्डर तिथल्या तिथे ठरली. काका खुर्चीत मटकन बसले. साहेब कळलं नाही असं दाखवतायत की त्यांना खरंच कळलं नाही, यावर पॅन्ट्रीत कुजबूज सुरू झाली. आणि मग निरोप आला, चित्रवाल्या मॅडमना केबिनमध्ये बोलावलंय.

पिशवी छातीशी घट्ट धरून ती आत गेली. साहेब म्हणाले, "पाहुण्यांना चित्रं आवडली. नोकरी पक्की समजा. दर आठवड्याला काढून घ्यायची आणि मला आणून दाखवायची. कोणी कुठलं काढलं तेही सांगायचं."

नोकरी पुढ्यात वाढून ठेवली होती. सासूबाई, नवरा, भिंतीवरचा हत्ती, सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले. "नाही जमणार, साहेब. चित्रं त्यांची आहेत, मी ती कोणालाच दाखवत नाही. आज बाहेर गेली ती माझ्या चुकीमुळे. पुन्हा जाणार नाहीत." ती दाराकडे वळली.

"थांबा. दार लावून घ्या."

तिने दार लावलं. साहेबांनी चष्मा चढवला, तेव्हा कुठे तिला दिसलं. चष्म्याला दोरी नव्हती. साहेबांच्या पॅन्टच्या खिशातून रुमालाबरोबर लाल दोरीचं टोक डोकावत होतं.

"म्हणजे... कोणालाच दाखवत नाही म्हणालात ना?" साहेब पेनचं टोपण चावत म्हणाले. "मग एक कागद द्या बरं."

तिने कागद दिला, ब्रश दिला, बाटल्या ओळीने मांडल्या. साहेबांनी बराच वेळ पाय हलवला. मग बाटल्यांवरून बोट फिरवलं आणि थबकले.

"लाल दिसत नाही यात."

"संपला, साहेब."

साहेबांनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि निळ्यात ब्रश बुडवला.

"पुढच्या सोमवारी येताना जास्त आणा," ते म्हणाले. "सगळ्यांना पुरला पाहिजे."