कबरी जेवत नाही

माझ्याकडे सांभाळायला दिलेली वस्तू आजवर हरवली नाही, फुटली नाही की नासली नाही! हे मी नाही, आमचं गाव म्हणतं. कुणी यात्रेला निघालं की घराची किल्ली माझ्या हातात. कुणाचं तूप, कुणाच्या पाटल्या, एकदा तर रुसून गेलेल्या एका जावयाची मोटारसायकल माझ्या ओसरीत पावसाळाभर उभी होती. शिवनाम सप्ताहाच्या कोठीची किल्लीही कैक वर्षं माझ्याच करदोड्याला. कोठी म्हणजे महाप्रसादाचं धान्य, गूळ, तेल ठेवायची खोली. आमच्यात याच्याहून मोठी इभ्रत नाही!

त्यामुळे शेजारची सरजाबाई पदराखाली काहीतरी धरून दारात आली, तेव्हा ती बोलायच्या आत मी म्हणालो, "ठेवा!"

मग तिनं पदर बाजूला केला. कोंबडी होती.

आता आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. पोरं लहान असताना गणितात अंडी आली, तर आमची मंडळी, शांतम्मा, त्यांना अंड्यांच्या जागी लिंबं धरायला लावायची! अशा घरात कोंबडी?

"सरजाबाई, अहो, आमच्याकडं?"

"तुमच्याकडंच, अप्पा! माज्या भावकीत ठिवली तर डोळ्याची पट्टी सुटायच्या आत तिचा रस्सा व्हईल. तिच्या जिवाला धोका न्हाई असं गावात तुमचं एकच घर हाय."

मी कोंबडी ठेवून घेतली. सरजाबाईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला परभणीला जायचं होतं. तिथून पुढं काही दिवस लेकीकडे, बबिताकडे, गंगाखेडला. नवरा वारल्यापासून ती घरात एकटीच. त्यानं शेवटचा बाजार केला, तेव्हा हीच कबरी पिल्लू असताना सदऱ्याच्या खिशात घालून आणली होती. सरजाबाई दिवसभर तिच्याशी बोलते, भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू येतं. ऑटोत बसता बसता ती म्हणाली, "जपा वं, अप्पा. परत आल्यावर घरात तेवढाच एक आवाज हाय मला."

मी काही हळवा माणूस नाही. पण ऑटो दिसेनासा होईपर्यंत कोंबडी छातीशी धरून उभा राहिलो.

शांतम्मानं कबरीला समोर बसवून दोन नियम सांगितले. "उंबऱ्याच्या आत पाय ठिवायचा न्हाई. आन् अंडं द्यायचं न्हाई!"

आणि नवल बघा, कोंबडीनं ऐकलं! दिवसांमागून दिवस गेले, गल्लीतल्या एका कोंबड्याबरोबर ती दिवसभर हिंडायची, पण अंगणात एक अंडं दिसलं नाही. शांतम्माला काय अभिमान! "संगतीचा गुण हाय," ती म्हणायची. सोमवारी पूजा झाल्यावर मी कबरीच्या कपाळालाही बोटभर भस्म लावलं. तिनंही मान हलवली नाही. मला तर ती मागच्या जन्मी कुणीतरी शिवभक्तच असावी असं वाटायला लागलं!

रोज संध्याकाळी बबिता फोन लावून द्यायची. सरजाबाई स्वतःची तब्येत सांगायची नाही, आमची विचारायची नाही. "आवाज ऐकवा," एवढंच. मी फोन कबरीपुढं धरायचो. कबरी "कॉक्, कॉक्" करायची आणि तिकडं सरजाबाई "हां, माय, हां" म्हणायची.

आणि मग कबरीनं खाणं सोडलं.

कडब्याच्या खोलीत, पार मागच्या अडगळीत, एका मोडक्या डालात, म्हणजे जुन्या टोपलीत, ती जाऊन बसली. पिसं फुगलेली, डोळे एकाच जागी. पुढ्यात ज्वारी टाकली, बघितलं नाही. भाकरी कुस्करली, बघितलं नाही. जवळ गेलं की घशातून खरखर आवाज काढायची आणि हाताला चोच मारायची. शांतम्मानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "अवं, घरघर लागलीय हिला."

आम्ही ओव्याचं पाणी केलं. मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. ठसका आम्हा दोघांना लागला, कबरीला नाही. शेवटी शांतम्मानं ताट सारलं. "दारातला जीव उपाशी आन् मी कशी जेवू?" ती अर्ध्या भाकरीवर आली. ती अर्ध्या भाकरीवर, म्हणजे मी पाऊण भाकरीवर!

त्या संध्याकाळी आधी बबिताच बोलली. "अप्पा, आईचं ऑपरेशन चांगलं झालं. पर डॉक्टरनं बजावलंय, डोळ्यात पानी येऊ द्यायचं न्हाई, रडू द्यायचं न्हाई. तुमीबी सांगा तिला."

मागून सरजाबाई, "आवाज?"

कबरी डालात घरघरत होती. तो आवाज त्या माउलीला कसा ऐकवायचा? मी कडब्याकडं तोंड केलं, उपरण्याचा बोळा ओठांशी धरला आणि या वयात, कपाळाला भस्म असताना, फोनमध्ये म्हणालो, "कॉक्... कॉक् कॉक्!"

सरजाबाईनं विचारलं, "सर्दी झालीय का वं तिला?"

"थोडी," मी म्हणालो. पुढं रोज संध्याकाळी हेच.

गावात कुणाला विचारायची सोय नव्हती. ज्याला विचारावं त्याचा फोन गंगाखेडला जाणार, आणि सरजाबाई रडणार. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. मी तर कोंबडी झाकायला निघालो होतो! स्कूटर काढली आणि सेलू गाठलं. जनावरांच्या दवाखान्यात आमच्याच गावच्या म्हशी आलेल्या. ओळखीचे चेहरे दिसले तसा मागे फिरलो. मग नाकाला रुमाल बांधून, आयुष्यात पहिल्यांदा, चिकनच्या दुकानापुढं उभा राहिलो.

"कोंबडी खाईना," मी खालच्या आवाजात म्हणालो. "काय करावं?"

दुकानदार सुरी पुसत होता. "चाचा, मेरे पास आने के बाद कौन खाती? घंटाभर की तो मेहमान रहती!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून त्याला दया आली असावी. खाली वाकून त्यानं पिंजऱ्याजवळच्या पोत्यातले दाणे काढले. "ये खिलाव. खाई तो खाई."

"आणि न्हाई खाल्लं तर?"

"तो देर मत करो. इधरच लेके आव!"

दाणे त्यानं काळ्या पिशवीत भरले. आमच्या भागात काळ्या पिशवीतून काय नेतात हे शेंबड्या पोराला माहीत आहे. पण ज्यानं जन्मात ती पिशवी घेतली नाही, त्याला कुठून माहीत असणार! मी ती स्कूटरच्या हँडलला ऐटीत लटकवली, रुमाल सोडून तोंड पुसलं, आणि वर बघतो तर समोर महारुद्रअप्पा! सप्ताहाचे अध्यक्ष!

"शरणार्थ!" मी हात जोडले.

महारुद्रअप्पांनी दुकानाकडं बघितलं. पिशवीकडं बघितलं. माझ्या कपाळाकडं बघितलं. त्यांचे हात काही जोडले गेले नाहीत.

"कुनासाठी, अप्पा?"

त्यांची मेहुणी गंगाखेडला बबिताच्या गल्लीत राहते. कबरीचं नाव काढणं शक्यच नव्हतं. पण मी खोटंही बोललो नाही. म्हणालो, "घरी लय आजारी हाय. काहीच खाईना. हे तरी खाईल म्हणून नेतोय."

"डॉक्टरनं सांगितलं?"

"न्हाई. ह्यांनीच सांगितलं," मी सुरीवाल्याकडं बोट केलं.

महारुद्रअप्पांनी डोळे मिटले. "शिव शिव!"

मी दुसरी दोन कामं उरकून घरी पोचलो, तर महारुद्रअप्पांची बातमी माझ्याआधी पोचलेली आणि अंगण बायकांनी भरलेलं. मधे शांतम्मा. अर्ध्या भाकरीनं चेहरा ओढलेला, डोळे खोल. "आक्का, किती वाळलाव वं!" म्हणत एकजण तिचे पाय दाबत होती. शांतम्माला वाटलं, कबरीचं सगळ्यांना कळलंय. ती उसासा टाकून म्हणाली, "आता जे व्हायचं ते व्हईल. आमी करायचं ते केलं." बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

त्या दाण्यांनाही कबरीनं तोंड लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी महारुद्रअप्पा दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आले. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. "शांतम्माच्या जिवापुढं आमी काय बोलावं?" ते म्हणाले. "पर ज्या घरात ती पिशवी आली, त्या घरात महाप्रसादाची किल्ली कशी ठिवावी, अप्पा?"

एका वाक्याचं काम होतं. "कोंबडीसाठी आणली होती" म्हणालो की सुटलो. पण त्यांच्या मागं सरजाबाईची भिंत दिसत होती, आणि भिंतीपलीकडं सगळं सामसूम. मी करदोडा सोडला आणि किल्ली काढून दिली. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. काळा चष्मा लावलेली सरजाबाई उतरली, मागं पिशव्या घेऊन बबिता.

"शांतक्का! तू मरणाच्या दारात आन् मी तिकडं डोळे झाकून बसू व्हय?"

महारुद्रअप्पांच्या मेहुणीनं आपलं काम चोख केलं होतं!

आवाज ऐकून शांतम्मा पिठाच्या हातानं बाहेर आली. "कोन आजारी? मी? मला काय धाड भरलीय!"

महारुद्रअप्पांनी माझ्याकडं बघितलं. "मग त्या काळ्या पिशवीतलं कुनी खाल्लं?"

"कुणीच न्हाई," मी म्हणालो. "तसंच पडलंय."

सरजाबाईनं इकडं तिकडं मान वळवली. "कबरी कुठाय?"

मी दोन्ही हात जोडले. "सरजाबाई, आधी कबूल करा. रडायचं न्हाई."

तिचा चेहरा उतरला. भिंतीला धरून कडब्याच्या खोलीकडं चालायला लागली आणि आम्ही सगळे माती द्यायला निघाल्यासारखे मागून. डालापाशी ती गुडघ्यावर बसली. कबरीनं पिसं फुगवली, घरघर केली. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा सरजाबाईचा हात कबरीच्या पोटाखाली होता. आम्हाला चोची मारणारी कबरी तिला काही करत नव्हती. हात बाहेर आला. हातात अंडं!

"आगं माय! ही तर खुडूक बसलीय की वं!"

"म्हणजे काय रोग?" मी विचारलं.

"रोग कसला! अंडे उबवायलीय! खुडूक कोंबडी जागचं उठती का? दिस उगवायच्या आत चार दाने टिपती आन् परत बसती." तिनं कबरीला जरासं सरकवलं. खाली ढीग!

शांतम्मा भिंतीला टेकून खाली बसली. "म्हंजे आल्यापसून ही..."

"देतच आसल की! हितं लपून!" सरजाबाई म्हणाली. "आन् अप्पा, फोन हिच्यापुढं धरला आसता तर खुडकीचा आवाज मी तिकडून वळखला आसता. मग मला ऐकू यायचं ते कोन व्हतं?"

मी महारुद्रअप्पांच्या देखत खाली बघितलं. सरजाबाईला उमगलं. आधी खांदे हलले, मग ती मोठ्यानं हसली, डालाला धरून हसली. चष्म्याखालून पाण्याच्या धारा लागल्या. "आई, डोळ्यात पानी आनू नको!" बबिता ओरडत होती, पण ऐकतंय कोण! नवरा गेल्यापासून त्या बाईला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. किल्ली गेल्याचं दुःख तेवढ्या वेळापुरतं खरंच विसरलो.

नंतर आठवलं. मी हात पुढं केला.

महारुद्रअप्पांनी किल्ली मुठीत धरून डालापुढं पडलेले पिशवीतले दाणे बघितले, मग डालात वाकून बघितलं. "तुमी कोंबडी खाल्ली न्हाई, पटलं. पर अप्पा, एवढे अंडे निघाले ते तुमच्याच घरात ना?" किल्ली अजून त्यांच्याकडंच आहे.

खुडूक कोंबडी हलवायची नसते म्हणे. त्यामुळे पिल्लं आमच्याच घरी निघाली. शांतम्मानंच त्यांना ज्वारीची कणी भरडून घातली. मग सरजाबाई सगळं लटांबर घेऊन आपल्या घरी गेली. पण पिल्लं नाठाळ. दिवस मावळला तरी डालाखाली येत नाहीत. कबरीच्या आवाजाला तर मुळीच भीक घालत नाहीत.

मग भिंतीपलीकडून सरजाबाईची हाक येते, "अप्पा, द्या वं आवाज!"

मी आधी गल्लीत कुणी नाही ना ते बघतो, आणि देतो. येतात बिचारी लगेच!