शमुवेलमामांची कोरी खुर्ची

शमुवेलमामांच्या घरी गेलात तर खुर्चीवर बसू नका. खोली खुर्च्यांनी भरलेली आहे, सगळ्या मोकळ्या दिसतात, पण तुम्ही टेकलात की मामा हळूच म्हणणार, "जरा उठा. मानूस बसलाय तिथं." चांगले धिप्पाड लोक तिथून दचकून उठलेले मी पाहिलेत.

दारावर पाटी आहे, 'राष्ट्रीय फुटबॉल सन्मान दालन'. मामा दौंडच्या यार्डात शंटर होते, कोळशाच्या इंजिनानं डबे इकडचे तिकडे करायचे. रिटायर झाले आणि हे खूळ घेतलं. "क्रिकेटवाल्यांच्या मागं सगळा देश हाय. फुटबॉलवाल्यांच्या मागं कोन? मी हाय."

ज्याचा सन्मान, त्याच्या नावाची खुर्ची, आणि खुर्चीच्या कव्हरवर भरतकामात नाव. ते नाव काढते मी, शेजारची शालन. शिवणकाम करते, आणि मामांपुढे मला नाही म्हणता येत नाही. कोलकात्याचा बॅक, गोव्याचा विंगर अशी मोठी माणसं तर आहेतच. पण ग्राउंडवर चुन्याच्या रेघा मारणारा म्हादबा आणि हाफ-टाइमला लिंबं कापून देणारी सखूबाईही तिथे मानानं बसलेत. अट एकच, माणूस मेलेला पाहिजे. "जित्या मानसाचं काय सांगावं? उद्या सेल्फ गोल मारंल. रूल म्हंजी रूल."

दुपारी चारला प्रत्येक खुर्चीपुढे अर्धा कप चहा येतो. मामा स्वतः घेत नाहीत. पाहुण्यांच्या आधी कसा घ्यायचा? आणि हे पाहुणे कप कधी संपवतच नाहीत, त्यामुळे मामांचा चहा कायमचा राहिलेला. शेवटी तो सगळा परसातल्या पपईला जातो. त्या झाडाची पपई मी खात नाही.

मी काही भोळी बाई नाही. पण कव्हरं धुवायला माझ्याकडे येतात ना, तेव्हा कोलकात्याच्या बॅकच्या कव्हराला हिरवं ओलं गवत चिकटलेलं असतं. आमच्या ग्राउंडवर गवताची काडी नाही. मी विचारलं तर मामा म्हणाले, "घसरून पडला आसंल. बॅकचं कामच हाय ते." मी ते घासून काढलं.

दाराजवळच्या एका खुर्चीला मात्र कोरं कव्हर. तिच्यापुढे चहा नाही. ती दानियलची, मामांच्या धाकट्या भावाची. दौंडनं असा गोलकीपर पाहिला नाही म्हणतात. एका फायनलला शेजारच्या यार्डात मामांच्या इंजिनाची शिट्टी झाली, दानियलनं मान वळवली आणि गोल बसला. येडा इंजिनाच्या शिट्टीला रेफ्रीची शिट्टी समजला, असं सगळं गाव हसलं. दानियल हातमोजे टाकून शिरूरला निघून गेला, तो परत आला नाही. मामांनीही शिरूरची एसटी कधी धरली नाही.

"अहो, जेमतेम दोन तासांचा रस्ता," मी कितीदा डाफरले. "एकदा जाऊन या की."

"जायचं हाय. त्यानं एक चेंडू अडवला, आन् मी खुशीत शिट्टी मारली. रेफ्रीची न्हवं, शाबासकी व्हती ती, एवढं सांगायचं हाय त्याला. पन त्वांड कसं दाखवू?"

मागच्या महिन्यात ऐन दुपारी मामा ते कोरं कव्हर घेऊन माझ्या दारात. चेहरा राखेसारखा. "शालन, नाव काढ. दानियल."

मी कात्री बाजूला ठेवली. "निरोप आला का?"

"निरोप कशाला? सकाळधरनं खुर्चीत बसलाय. मी सांगतोय, पन त्याला ऐकूच जाईना. राहिलं बघ माझं सांगायचं."

मी जाऊन पाहिलं. खुर्ची मोकळीच होती. पण हात लावला तर बसकण गरम, आत्ता कुणी उठून गेल्यासारखी. तरी म्हटलं, खात्री केल्याशिवाय मी सुईत दोरा ओवणार नाही. चर्चमधल्या बाईंकडून शिरूरचा नंबर मिळवला. फोन दानियलच्या सुनेनं घेतला.

"बाबा बरं हायती," ती म्हणाली, "पन सकाळपासनं खुर्चीतनं उठंनात. म्हणत्यात, मी दौंडला दादाच्या घरी बसलोय. दादा काय तरी सांगतोय, पन इंजिनाच्या शिट्टीत ऐकू येईना."

मी ते जसंच्या तसं मामांना सांगितलं. "म्हंजी जिता हाय?"

"जिते आहेत. चपला घाला."

मी त्यांना अक्षरशः ओढत एसटीत बसवलं. कव्हर त्यांच्या मुठीतच राहिलं होतं. शिरूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. खुर्चीत एक वाळका, लांब हातांचा म्हातारा दाराकडे बघत बसला होता. आम्ही आलो याचं त्याला काहीच नवल वाटलं नाही.

मामा उंबऱ्यातच थांबले. "दान्या, ती शिट्टी माझी व्हती."

"ठावं हाय की," दानियल म्हणाला. "तशी लांब वढून दुसरं कोन वाजवायचं? दादा शाबास म्हणतोय, म्हणून तर वळून बघितलं."

"मंग लोक हसत व्हते तवा बोलला का न्हाईस?"

"ड्युटीवर उगा शिट्टी मारली म्हणून तुझी नोकरी गेली आसती."

मामांना रडू आवरेना. मलाही आवरलं नाही, कशाला खोटं सांगू? सुनेनं चहा आणला. मामा खुर्ची न शोधता भावाच्या पायाशी फरशीवर बसले, आणि सगळ्यांच्या आधी कप तोंडाला लावला.