अब्रासाक्स आणि उघडा रांजण

शब्दाला अर्थ असलाच पाहिजे असं नाही. त्याची बेरीज मात्र बरोबर आली पाहिजे. जगातल्या सर्व टिकाऊ संस्था याच तत्त्वावर उभ्या आहेत, आणि अलेक्झांड्रियाच्या बंदरामागच्या गल्लीत पोतामोनचं दुकानही त्याच तत्त्वावर उभं होतं.

पोतामोन खड्यांवर अक्षरं कोरायचा. त्याचा सगळ्यात खपाचा माल म्हणजे ‘अब्रासाक्स’ हा शब्द कोरलेला हिरवा खडा. ग्रीकांनी आकड्यांसाठी वेगळी चिन्हं काढण्याची उधळपट्टी केलेली नव्हती; अक्षरंच आकड्यांचंही काम करत. त्यामुळे तिथे कोणताही शब्द तोंडातून निघाला, की आपोआप एक बेरीज होई (नवराबायकोच्या भांडणात तर लाखांच्या घरात जाई). अब्रासाक्समध्ये एकेकाचे तीन अल्फा, दोनाचा बीटा, शंभराचा ऱ्हो, दोनशेंचा सिग्मा आणि साठाचा क्सी. एकूण तीनशे पासष्ट. वर्षाचे दिवसही तितकेच. म्हणजे खडा बोटात असला की रोज एक या हिशेबाने वर्षभर संरक्षण. शब्दाचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता, त्यामुळे त्याच्याविषयी कोणाचा गैरसमज होण्याची शक्यताही नव्हती.

पोतामोनचं सगळ्यात श्रद्धाळू गिऱ्हाईक म्हणजे खैरेमोन. हा गारोस बनवायचा. गारोस म्हणजे मासे आणि मीठ दोन महिने उन्हात मुरवून निघालेला रस. त्याच्या अंगणात गारोसचे पुरुषभर खोल तीन रांजण जमिनीत पुरलेले होते, तोंडं उघडी. खैरेमोनला एकच सवय होती. चालता चालता दर दहा पावलांनी हात डोळ्यांसमोर धरून खडा जागेवर आहे ना, हे तो बघायचा. खबरदारी घेणारा माणूस.

ते वर्ष लीप होतं. तीस-तीस दिवसांच्या बारा महिन्यांनंतर वर्षाअखेरी येणाऱ्या पाच जादा दिवसांना सहावा जोडलेला होता. त्या सहाव्या दिवशी सकाळी खैरेमोन खडा बघत बघत मधल्या रांजणात गेला.

“पोतामोन! बाहेर ये!”

“कोण, खैरेमोन? अरे, तिथेच थांब. नाही, तिथे नको. वाऱ्याच्या पलीकडे थांब.”

“तुझा अब्रासाक्स बोटात असताना मी गळ्यापर्यंत बुडालो! शेजाऱ्यांनी दोर टाकून काढलं मला, आणि मग दोरही टाकून दिला!”

पोतामोनने बोटं मोजली आणि त्याचा चेहरा उतरला. “आज दिवस कितवा?”

“तीनशे सहासष्टावा.”

“मग झालं तर. शब्द काल संध्याकाळीच संपला, दादा.”

दिवस मावळेपर्यंत अकरा तक्रारी आल्या. दोघांचे दात, एकाचं गाढव, चौघांची पोटं, दोघांचे गुडघे, आणि एकीची सासू (तिला काही झालं नव्हतं; ती राहायला आली होती). अकराव्या तक्रारदाराला काहीच झालं नव्हतं, पण काहीतरी होईल या धास्तीत त्याचा सबंध दिवस वाया गेला, त्याची जबाबदारी कोणाची, असा त्याचा रास्त सवाल होता.

प्रकरण बाजार-अधीक्षक सोसिबिओस यांच्यापुढे गेलं. सदर दुकानास टाळं का ठोकू नये, अशी नोटीस निघाली. खडे कोरण्यापलीकडे त्याला जगात काहीही येत नव्हतं.

तज्ज्ञ साक्षीदार म्हणून पंडित लेप्तीनस आले. “या शब्दाच्या अर्थाविषयी चार मतं आहेत,” त्यांनी सुरुवात केली. “पहिल्या मते हे देवाचं नाव आहे, दुसऱ्या मते सूर्याचं, तिसऱ्या मते हा परक्या भाषेतला आशीर्वाद आहे, आणि माझ्या मते कोण्या लेखनिकाची चूक.”

“पंडितजी, विषयाला धरून बोला,” अधीक्षक म्हणाले. “अर्थ कोणी विचारलाय तुम्हाला?”

तेव्हा पोतामोन उठला. “महाराज, शेवटी एक अल्फा वाढवला तर? अल्फाचा एक. तीनशे सहासष्ट.”

असली बुद्धिमत्ता त्यांच्या खात्यात पूर्वी आढळली नव्हती. निकाल झाला: सर्व खड्यांवर एक अल्फा वाढवावा, शब्द यापुढे ‘अब्रासाक्सा’ असा वाचावा, साध्या वर्षी शिल्लक राहणारं एक दिवसाचं संरक्षण धारकाकडेच राहील, ते सासरच्या मंडळींच्या नावे करता येणार नाही. ‘शब्द बिघडतो’ ही लेप्तीनस यांची हरकत, मुळात अर्थच नसल्याने, फेटाळण्यात आली.

पुढच्या वर्षी, एकशे बाराव्या दिवशी, भर दुपारी खैरेमोन पुन्हा त्याच रांजणात पडला.

या वेळी तो ओरडला नाही. दुकानाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. “यंदा तर एक शिल्लक होता रे! बायको घरात घेत नाही. म्हणते, आधी समुद्रात जाऊन ये. मी कोणाचं काय वाकडं केलंय, पोतामोन?”

पोतामोनला गलबलून आलं. दोन दिवस तो पाटीवर बेरजा करत बसला. खैरेमोनच्या नावाची, त्याच्या आईच्या नावाची, वाराची, वाऱ्याची. तिसऱ्या दिवशी त्याने कपाळावर हात मारला.

“गारोस! गॅमाचे तीन, अल्फाचा एक, ऱ्होचे शंभर, ओमिक्रॉनचे सत्तर, सिग्माचे दोनशे. तीनशे चौऱ्याहत्तर! अरे, रसच आपल्यापेक्षा भारी आहे. आठाने!”

“म्हणजे माझी चूक नाही?”

“तुझी नाही आणि माझीही नाही. आठाची आहे.”

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. (पोतामोनने नंतर अंगरखा जाळला.)

आत पीठ मळत असलेली पोतामोनची बायको तेर्मुथिस म्हणाली, “अहो, त्यांना रांजणावर झाकण ठेवायला सांगा ना.”

पोतामोनने पाटी खाली ठेवली. “काय म्हणालीस?”

“झाकण. झा-क-ण.”

ग्रीकमध्ये झाकणाला ‘पोमा’ म्हणतात. पायचे ऐंशी, ओमेगाचे आठशे, म्यूचे चाळीस, अल्फाचा एक. नऊशे एकवीस! पोतामोनने बायकोचे पिठाचे हात कपाळाला लावले. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपलं प्रथमच ऐकलं, म्हणून तेर्मुथिसचे डोळे भरून आले. ते पुसून ती बघते तो पोतामोन दुकानातला सगळ्यात मोठा खडा घेऊन त्याच्यावर ‘झाकण’ कोरायला बसला होता.

त्या संध्याकाळी बशीएवढं ते ‘झाकण’ गळ्यात घालून खैरेमोन घरी निघाला. त्याच्या मागोमाग तेर्मुथिस गेली. जुन्या दाराच्या तीन फळ्या तिने डोक्यावरून नेल्या, तिन्ही रांजणांवर टाकल्या, वर धोंडे ठेवले आणि परत येऊन भाकरी भाजल्या.

त्यानंतर खैरेमोन एकदाही पडला नाही. ‘पोमा’ खड्याचा खप चौपट झाला. अधीक्षकांनी स्वतः दोन नेले, एक पुढून आणि एक मागून घालण्यासाठी. लेप्तीनस यांनीही एक नेला, अर्थात फक्त अभ्यासासाठी.

फळ्यांची नोंद कुठल्याही दप्तरात नाही, आणि त्या किती लांब होत्या हे विचारायला आजवर कोणी आलेलं नाही. सुज्ञ वाचकांनी मात्र ऐंशी, आठशे, चाळीस आणि एक यांची बेरीज मघाशीच मनातल्या मनात करून पाहिली आहे; ती बरोबर आली, तेव्हा बाकीचं सगळंही खरंच असावं असं त्यांना वाटून गेलं आहे.